काचेवर दव पडू द्यायचं नाही

सुनावणीच्या टेबलावर मांडलेले बाराच्या बारा फोटो दुधात बुडवून काढल्यासारखे पांढरे होते. शीतगृहाच्या मॅनेजरनं त्यातला एक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, ह्यात दार कुठं आहे?"

कोणीतरी फिसकन हसलं. निरीक्षक मॅडमनी कागदांवरची नजर वर केली नाही. भिंतीशी खुर्चीत बसलेल्या फोटोवालीला मात्र धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

फोटोवाली म्हणजे चौकातल्या छोट्या स्टुडिओची मालकीण. ओळखपत्रांचे फोटो, शाळांचे गटफोटो, लग्नकार्यं हे तिचं रोजचं काम. वीस वर्षं ती ते करत होती आणि तिचं खरं नाव कोणाला ठाऊक असो नसो, 'फोटोवाली' म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवायचं. कामगार सुरक्षा कार्यालयाकडे स्वतःचा छायाचित्रकार नव्हता, म्हणून तपासणीला जाताना निरीक्षक मॅडम तिला बोलवायच्या. मोडके जिने, उघड्या तारा, झाकणाविना फिरणारी चाकं, असलं पुष्कळ काही तिनं टिपलं होतं. एकही फोटो कधी वाया गेला नव्हता. गेले ते नेमके हे बारा.

प्रकरण असं होतं. शीतगृहात गोठवलेल्या मालाच्या सहा खोल्या होत्या. आत उणे वीस अंश. प्रत्येक खोलीच्या जाडजूड दाराला आतून एक लोखंडी मूठ असते. दार चुकून बाहेरून लागलं तर आतल्या माणसानं ती मूठ ढकलायची, की बाहेरची कडी सुटते. दोन नंबरच्या खोलीत ती मूठ ढकलली गेली नाही. खोकी मोजायला गेलेली एक कामगार बाई आत अडकली. सगळे तिला मावशी म्हणायचे. सव्वीस मिनिटं ती खोक्यानं दार बडवत राहिली, तेव्हा कुठं एका ट्रकवाल्याला ऐकू गेलं. जीव वाचला, पण उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं डॉक्टरांना काढावी लागली. कंपनीनं लिहून दिलं की मूठ ठणठणीत आहे. बाई घाबरली, तिनं ती नीट ढकललीच नाही, निष्काळजीपणा तिचाच.

मॅडमनी तपासणीत बर्फानं जाम झालेली मूठ स्वतः पाहिली होती. पण कंपनीचा वकील म्हणाला, "मॅडमना दिसलं असेल. कार्यालयाच्या फोटोत का दिसत नाही?" सुनावणी तीन आठवडे पुढे ढकलली गेली.

काय चुकलं ते फोटोवालीला ठाऊक होतं. एक नंबरच्या खोलीत फोटो काढून ती बाहेरच्या धक्क्यावर आली, जिथं ट्रक लागतात. तिथं अंगाला कपडे चिकटतील असा दमट उकाडा. गार पडलेल्या कॅमेऱ्यावर बघता बघता दव जमलं, बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून जमतं तसं. मॅनेजर डोक्यावर उभा होता, मॅडमना घाई होती. तिनं ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि ती तशीच दोन नंबरमध्ये शिरली. उरलंसुरलं दव आत जाताच काचेवर गोठून बसलं. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं धूसर दिसत होतं, पण तिला वाटलं, खोलीतच धुकं आहे. ती बटण दाबत राहिली.

सुनावणीनंतर दोन दिवसांनी मावशी स्वतःच दुकानात आली. डॉक्टरांच्या दाखल्याला हाताचा फोटो हवा होता. फोटोवालीनं स्टुलावर पांढरं कापड अंथरलं, दिवे लावले. मावशीनं पट्टी सोडली आणि हात त्यावर ठेवला, जसा कोणा दुसऱ्याचाच हात असावा.

"दुखतो का?"

"नसलेली पेरंच जास्त दुखतात, ताई. डॉक्टर म्हणतात, असं होतं."

फोटोवालीनं चार फोटो काढले. मग राहवेना म्हणून म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझ्यामुळे..."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" मावशी पट्टी गुंडाळत म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "पण एक सांगते. आत मी एकटी होते. मूठ हलत नव्हती हे बघायला दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही दोघी आत गेलात, तेव्हा मला वाटलं, चला, आता तीन माणसांनी बघितलं. आता तुमच्याच फोटोत काही नाही म्हटल्यावर मी पुन्हा एकटीच की."

ती गेल्यावर फोटोवालीनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि थेट मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर म्हणजे तिला कॅमेरा धरायला शिकवणारा माणूस. पंच्याहत्तरी उलटली होती. एके काळी त्यांनी बर्फाळ डोंगरांत गिर्यारोहकांबरोबर हिंडून फोटो काढले होते. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, पण जीभ ठणठणीत होती. तिनं सगळं सांगितलं. मास्तरांनी तिचा कॅमेरा उघडून लेन्स उजेडात धरली. आत, पुसायला बोट पोचणार नाही अशा जागी, ओलाव्याचा पांढरा डाग पडला होता.

"ओढणीनं पुसलीस?"

"हो."

"वीस वर्षं शिकवलं ते पाण्यात!" मास्तर कडाडले. "अगं, दव पुसायचं नसतं. ते पडूच द्यायचं नसतं. हवेत पाणी असतंच. गार वस्तू दिसली की ते तिच्यावर जाऊन बसतं, एवढंच त्याला कळतं. तेव्हा गार कॅमेरा आणि दमट हवा, ह्यांची गाठ पडू द्यायची नाही. आणि ही पुढंमागं सरकणारी लेन्स घेऊन गेलीस? ही लेन्स आहे की लोहाराचा भाता? सरकवलीस की बाहेरची हवा आत ओढते."

"पण मास्तर, सहाही खोल्यांची दारं त्या धक्क्यावरच उघडतात. एका खोलीतून दुसरीत जायचं तर मधे ती दमट हवा लागणारच."

मास्तरांनी लेन्स खाली ठेवली. हा पेच त्यांनाही नवा होता. डोंगरात माणूस दिवसातून एकदा तंबूबाहेर पडतो आणि एकदा आत येतो. सहा वेळा आत-बाहेर कोण करतं?

जाताना त्यांनी कपाटातून स्वतःचा कॅमेरा काढून तिच्या हातात ठेवला. जुना, वजनदार, न सरकणाऱ्या लेन्सचा. "हा ने. आणि मला येऊन सांग, कसं केलंस ते. ओढणीची गोष्ट मात्र सांगू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून फोटोवालीच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. डाग पडलेला स्वतःचा कॅमेरा तिनं प्रयोगाला घेतला, आधीच बिघडलेला, आणखी काय बिघडणार! सकाळी सासूबाईंनी मटार काढायला फ्रीजरचा कप्पा उघडला, तर मटाराच्या पिशवीशेजारी पिशवीत बांधलेला कॅमेरा.

"अगं, हा शिजायला किती वेळ लागतो तेवढं सांगून ठेव!"

"आई, हात लावू नका. तासभर राहू दे तिथंच."

"मी कशाला हात लावू? मी तर आज वरण चुलीवर ठेवायच्या आधी तुला विचारणार आहे, भांड्यात काही ठेवलंयस का म्हणून."

फोटोवालीनं नोंदींची वहीच घातली. उघडा कॅमेरा फ्रीजरमधून काढला: दहा मोजेपर्यंत काच पांढरी. घट्ट बंद केलेल्या जाड पिशवीतून काढला: दव पिशवीवर बाहेरून जमलं, आतला कॅमेरा कोरडा. पण पिशवी लगेच उघडली तर पुन्हा तेच. अर्ध्या तासानं उघडली तरी थोडं तेच. दोन तासांनी उघडली तेव्हा काच आरशासारखी लख्ख. मग तिनं पिशवीत ओल शोषणारे निळे दाणे घालायला सुरुवात केली. औषधांच्या डब्यांत, नव्या पर्सांत ज्यांच्या पुड्या येतात ते. हे दाणे ओल प्यायले की गुलाबी होतात. मग ते तव्यावर मंद आंचेवर परतले की पुन्हा निळे. सासूबाईंनी तव्यात डोकावून बघितलं आणि नुसताच कपाळाला हात लावला.

पण सहा दारांचा पेच सुटेना. त्याचं उत्तरही स्वयंपाकघरातच सापडलं, आणि तेही सासूबाईंमुळे. त्या उकळत्या भांड्याचं झाकण काढायच्या आधी चष्मा चुलीच्या आंचेपासून वीतभर अंतरावर क्षणभर धरायच्या, मग डोळ्यांवर चढवायच्या.

"हे काय करता, आई?"

"चष्मा ऊन करून घेते. गार चष्म्यानं वाकलं की आंधळी कोशिंबीर. आधी जरा आंचेजवळ धरला की धुरकट होत नाही. चाळीस वर्षं करतेय, तुला आज दिसलं होय?"

फोटोवाली हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. चष्मा जिथं जायचा तिथल्यासारखा आधीच करून घ्यायचा! मग कॅमेराही घरूनच गार करून न्यायचा. आणि एका खोलीतून दुसरीत जाताना त्याला बाहेरची हवा लागूच द्यायची नाही. कॅमेऱ्यापुरती थंडी बरोबर घेऊन फिरायची.

सहलीला सरबताच्या बाटल्या न्यायचा जाड भिंतींचा डबा माळ्यावर होता. तळाशी गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्या, त्यावर घट्ट बंद पिशवीत दाण्यांसकट कॅमेरा. डब्यातून पिशवी आणि पिशवीतून कॅमेरा काढायचा तो फक्त फ्रीजरसारख्या थंडीत, आणि तिथंच पुन्हा बंद करायचा. घरातला फ्रीजर माणूस आत जाण्याएवढा नसल्यामुळे तिनं आपले दोन्ही हात आणि कॅमेरा कप्प्यात खुपसून पिशवी उघडायचा, बटण दाबायचा, पिशवी बंद करायचा सराव केला. बोटं बधिर झाली. पहिल्या दिवशी पावणेदोन मिनिटं लागली, पाचव्या दिवशी पन्नास सेकंद. बोटं बधिर झाली की तिला मावशीचा पांढऱ्या कापडावरचा हात आठवायचा आणि ती पुन्हा हात आत घालायची.

इतकं झाल्यावर ती मॅडमच्या कार्यालयात गेली. मॅडमपुढे एक पत्र पडलं होतं. वरिष्ठांनी लिहिलं होतं की पुन्हा तपासणी करावी, सहाही खोल्या बघाव्यात, आणि ह्या खेपेस अनुभवी छायाचित्रकार न्यावा.

"मलाच न्या," फोटोवाली म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मॅडम कमी बोलायच्या आणि रागावल्या की आणखी कमी. "का?"

फोटोवालीनं वही पुढे केली. सोळा दिवसांच्या नोंदी, वेळा, चुका, सगळं. मॅडमनी पानं उलटली. एका पानावर सासूबाईंनी हिशेबाची वही समजून भाजीची यादी लिहिली होती, त्यावर त्या थबकल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"परवा सकाळी नऊ वाजता. आगाऊ कळवणार नाही आपण. ह्या खेपेस फोटो आले नाहीत तर मला आणखी सुनावणी मिळायची नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

परवा नऊ वाजता कार्यालयाची गाडी शीतगृहाच्या फाटकातून आत शिरली. गाडीत मॅडम, फोटोवाली, मांडीवर डबा, आणि चालवायला कार्यालयाचे ड्रायव्हरदादा, पोटानं आणि मनानं दोन्हीकडून मोठा माणूस. मॅनेजर शर्ट खोचत धावत आला. एका क्षणापुरता त्याचा चेहरा पडला, मग लगेच उजळला.

"या, या! दोन नंबरच बघायचीय ना? चला."

दोन नंबरच्या दाराला नवीकोरी मूठ चकाकत होती. मॅनेजरनं स्वतः आत जाऊन ती ढकलून दाखवली. कडी टपकन सुटली. "बघा. मी म्हणत होतो."

"छान," मॅडम म्हणाल्या. "जुनी कुठं आहे?"

"जुनी... भंगारात गेली असेल."

"ठणठणीत होती ना? मग भंगारात का?" त्यांनी वहीत टिपलं. "आता बाकीच्या पाच."

मॅनेजरनं सांगितलं, किल्ल्या आणायला माणूस पाठवतो, तोवर माझ्या खोलीत चहा घ्या, तिथं जरा ऊबही आहे, कॅमेराही बाहेर काढून ठेवा. फोटोवालीनं डब्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं. "आम्ही इथंच थांबतो." पाय दुखेपर्यंत त्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. किल्ल्या आल्या.

आधी दोन नंबरचीच नवी मूठ तिनं टिपली. मग एक नंबर. तिथली मूठ चांगली होती, तिचाही फोटो काढला. दर वेळी आत गेल्यावरच डबा उघडायचा, नाकातोंडावर फडकं, श्वास बाजूला सोडायचा, कारण आपलाच श्वास काचेवर जाऊन बसतो. जास्तीची बॅटरी पोटाशी, अंगाच्या उबेत. फोटो झाला की पिशवी बंद, डबा बंद, मगच बाहेर. ड्रायव्हरदादा दार उघडं धरून उभे होते.

तीन नंबरमध्ये घोडं अडलं. मुठीभोवती मनगटाएवढा बर्फ चढला होता. पण ड्रायव्हरदादांनी दार धरून ठेवलं होतं, त्या फटीतून बाहेरची दमट हवा आत लोटत होती आणि आतल्या थंडीला भिडून तिचे ढगच्या ढग होत होते. नेमके मुठीसमोर. डब्यातल्या कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं, पण तो आता बाहेर काढला असता तर त्याच ढगात सापडला असता.

फोटोवालीनं झाकणावरचा हात काढला नाही. "मॅडम, दार लावावं लागेल."

मॅडमनी मुठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आतून उघडत नाही हे समोर दिसत असलेल्या दाराच्या आत स्वतःला कोंडून घ्यायचं होतं.

"किती वेळ?"

"धुकं बसायला दोन मिनिटं. फोटोला एक."

मॅडम दाराशी गेल्या. "दादा, कडीवर हात ठेवून उभे राहा. कोणी बोलावलं, आग लागली, काही झालं तरी हलायचं नाही. बरोबर तीन मिनिटांनी उघडा."

"बाई, मी काय म्हणतो..."

"तीन मिनिटं, दादा."

दार लागलं. वर एक पिवळा दिवा आणि पंख्यांची घरघर. थंडी पायांतून वर चढत होती. मॅडमनी दोन्ही तळहात मुठीवर ठेवून सगळा भार टाकला. मूठ केसभरही हलली नाही. त्यांच्या नाकातून निघालेल्या वाफेला लय नव्हती. फोटोवाली मनात आकडे मोजत होती. मावशीनं काय मोजलं असेल? तिला तर किती मोजायचं हेही ठाऊक नव्हतं.

ढग विरळ झाले. शंभरावर आकडा आला, तिनं पिशवी उघडली, कॅमेरा हातात घेतला, आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडलं.

"मला नाही राहवलं!" ड्रायव्हरदादा दारात घामाघूम उभे होते. "तुम्ही दोघी आत, आणि मी बाहेर कडी धरून! माझ्या घरी पण बायकामाणसं आहेत हो!"

पांढरा लोट आत घुसला. फोटोवालीनं कॅमेरा पोटाशी धरला, लोटाकडे पाठ केली आणि आधी कोपऱ्यात सरकून पिशवी बंद केली. मगच ती वळली.

"दादा," ती म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे. पण आता ते तीन मिनिटं बाजूला ठेवा. आम्ही आरडाओरडा केला तरी आधी घड्याळ बघा."

दार पुन्हा लागलं. ह्या खेपेस तिनं पूर्ण एकशेतीस मोजले. पिशवी, कॅमेरा, श्वास बाजूला. खोलीचा नंबर, तापमापक आणि मुठीवर रेटलेले मॅडमचे दोन हात, सगळं एका चौकटीत. सात फोटो. पिशवी बंद. दार उघडलं तेव्हा ड्रायव्हरदादांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर घड्याळावर.

चार नंबरमध्ये मूठच नव्हती. तिच्या जागी भोक होतं आणि भोकात चिंधी कोंबलेली. मॅनेजर बाहेरून म्हणाला, "ती खोली आम्ही वापरत नाही." आत कालच्या तारखेची चिठ्ठी लावलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती. त्या खोलीत दार लावून घेताना मॅडमनी प्रथमच फोटोवालीचा दंड धरला, आणि सोडला नाही. फोटोवालीनं चिंधी टिपली, खोक्यांवरची तारीख टिपली. मग कोपर बरगडीला टेकवून पुन्हा टिपली. पाच नंबरमध्ये पुन्हा बर्फ. सहा नंबरची मूठ चांगली होती, फक्त तिच्यासमोर एवढी खोकी की पोचायला माणूस मुंगी असावा लागला असता.

सहा नंबरमध्येच, थंडीत, तिनं कॅमेऱ्यातून चिमुकलं कार्ड काढून मॅडमच्या हातात दिलं. आता कॅमेरा पिशवीत कितीही वेळ बंद राहिला तरी फोटो अडणार नव्हते.

फाटकावर वॉचमननं अडवलं. जाताना प्रत्येक सामान उघडून दाखवायचं, नियम होता. पिशवीतल्या कापडी पुरचुंड्यांवर त्यानं बोट ठेवलं. "हे काय?"

"ओल शोषणारे दाणे." तिनं पर्समधली एक जास्तीची पुरचुंडी सोडून निळे दाणे दाखवले.

"हे ठीक. पण ती पिशवी उघडा."

"उघडते. दोन तासांनी."

"आत्ता उघडायची."

"आत्ता उघडली तर आतल्या यंत्रावर पाणी धरेल. ते माझं नाही, गुरूंचं आहे. तुमचा नियम मला मोडायचा नाही आणि कॅमेराही मोडायचा नाही. मी इथं बाकावर बसते."

मॅडमना कार्ड घेऊन कार्यालयात पोचायचं होतं. त्या क्षणभर घुटमळल्या. "बसाल?"

"बसते. तुम्ही निघा."

पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. थोड्याच वेळात पिशवीवर बाहेरून पाण्याचे थेंब फुटले आणि ओघळू लागले. वॉचमन येरझाऱ्या घालता घालता बघत होता. तासाभरानं त्यानं पाण्याची बाटली आणून दिली. आणखी काही वेळानं तोच शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ती मावशी अडकली त्या दिवशी मी ड्यूटीवर नव्हतो."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

"कोणी नाही. मीच सांगतोय."

दोन तास झाल्यावर तिनं पिशवी उघडली. कॅमेरा हाताला कोमट लागला. काच कोरडी ठणठणीत. वॉचमननं पिशवीत वाकून बघितलं, वहीत सही केली आणि फाटक उघडलं.

सुनावणीच्या दिवशी ह्या वेळी फोटो मोठे करून लावले होते. तीन नंबरच्या मुठीवरच्या बर्फातला एकेक बुडबुडा मोजता आला असता. चार नंबरच्या चिंधीची वीण दिसत होती. वकिलानं पुष्कळ वेळ कागद चाळले आणि शेवटी म्हणाला की दोन नंबरची मूठ तर चांगली आहे. मॅडमनी त्या नव्या मुठीचा फोटो पुढे सरकवला. "बसवल्याची तारीख मुठीच्या कडेलाच कोरलेली आहे. ह्या दुसऱ्या तपासणीच्या तीन दिवस आधीची. आणि अपघातानंतर सहा आठवड्यांनी." मॅनेजरनं ह्या खेपेस एकही फोटो उजेडात धरला नाही.

निकाल त्याच दुपारी वाचला गेला. मुठी बदलून आणि खोकी हटवून होईपर्यंत तीन ते सहा नंबरच्या चार खोल्यांतलं काम बंद. प्रत्येक खोलीत आतून वाजवायची घंटा. आत एकट्या माणसानं जायचं नाही. आणि मावशीच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा खोडून टाकावा.

"शेवटचं पुन्हा वाचता का?" मावशी मागच्या रांगेतून म्हणाली.

ते पुन्हा वाचलं गेलं. मावशीनं मान डोलावली, एवढंच.

बाहेर जिन्यावर फोटोवालीची आणि तिची गाठ पडली. मावशीनं डाव्या हातानं तिचा हात धरला.

"ताई, त्या चिंधीच्या फोटोची एक प्रत द्याल?"

"देते की. घरी ठेवायला?"

"घरी कशाला? घरी बोटं आहेतच आठवण द्यायला." मावशी पायरी उतरत म्हणाली. "सोमवारपासून मी पुन्हा कामावर जातेय, पॅकिंगला. नव्या बायका येतात, त्यांना कोणी काही सांगत नाही. चिंधीचा एक, बर्फाचा एक आणि चांगल्या मुठीचा एक, असे तीन फोटो कपडे बदलायच्या खोलीत लावते. आत पाय टाकायच्या आधी काय बघायचं, ते प्रत्येकीनं बघितलंच पाहिजे."

"मॅनेजर लावू देईल?"

"काढले तर पुन्हा लावीन," मावशी म्हणाली. "तुम्ही प्रती जरा जास्तच काढा."

फोटोवालीनं दुकान उघडलं, दिवे लावले आणि तीस प्रती काढायला घेतल्या.